वॉटचा हिशेब : छोट्या लॅपटॉपच्या प्रोसेसरची चाळीस वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



लॅपटॉप घ्यायला आपण दुकानात जातो तेव्हा समोरचा माणूस तीन आकडे धडाधड सांगतो. प्रोसेसर अमुक, रॅम इतकी, डिस्क इतकी. चौथा आकडा तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तो आकडा म्हणजे वॉट. हे यंत्र सेकंदाला किती ऊर्जा खातं? आज त्या चौथ्या आकड्याचा इतिहास सांगायचा आहे. तुम्ही म्हणाल, वॉटचा कसला आलाय इतिहास? पण हातात धरून नेता येईल असा संगणक बनवायला ज्यांनी ज्यांनी घेतला, त्या प्रत्येकाला एकदा बसून ठरवावं लागलं की आत मेंदू कुठला घालायचा. त्या एका निर्णयावर कंपन्या उभ्या राहिल्या, कंपन्या बुडाल्या, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या मुलांच्या हातात काय पडलं तेही त्यावरच ठरलं.

आधी थोडं पदार्थविज्ञान. घाबरू नका, एकच सूत्र आहे. चिपच्या आत लाखो-कोटी छोटे स्विच असतात. स्विच उघडला-मिटला की थोडी वीज खर्च होते. हा खर्च दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, स्विच सेकंदाला किती वेळा हलतात, म्हणजे घड्याळाचा वेग. दुसरी, किती व्होल्टेजवर हलतात. गंमत अशी की वेगाचा परिणाम सरळ आहे, वेग निम्मा केला तर खर्च निम्मा. व्होल्टेजचा परिणाम मात्र वर्गाचा आहे. व्होल्टेज निम्मं केलं तर खर्च चौथाई.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. समजा मी फक्त वेग निम्मा केला, व्होल्टेज तेवढंच ठेवलं. सेकंदाचा खर्च निम्मा झाला, पण कामाला वेळ दुप्पट लागला. एकूण ऊर्जा? तेवढीच! बॅटरीच्या दृष्टीनं हातात काहीच पडलं नाही. उलट तोटाच झाला, कारण त्या दुप्पट वेळात पडदा चालू राहिला, डिस्क चालू राहिली. पण वेग कमी करताना व्होल्टेजही १.६ वरून १.२ वर आणलं, तर त्याच कामाची ऊर्जा जवळपास ५६ टक्क्यांवर येते. म्हणजे खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. हळू चालणं म्हणजे आपोआप काटकसर नव्हे. हे कळायला या उद्योगाला बरीच वर्षं लागली, आणि ग्राहकांना अजूनही पुरतं कळलेलं नाही.

चार पेन्सिल सेल

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत ऑस्बॉर्न-१ नावाचा संगणक आला. किंमत १७९५ डॉलर. जाहिरातीत ‘पोर्टेबल’. वजन सुमारे ११ किलो! म्हणजे शिवणयंत्रासारखा हँडल धरून उचलायचा. आत झेड-८० प्रोसेसर, पाच इंची काचेचा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. आणि बॅटरी? आत बॅटरी नव्हतीच. जिथे जाल तिथे भिंतीतलं सॉकेट शोधायचं. हा संगणक नेता येत होता, पण वाटेत वापरता येत नव्हता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक वॉटचा आहे.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, रेडिओ शॅक या दुकानसाखळीनं टीआरएस-८० मॉडेल १०० आणला. बनवला होता जपानच्या क्योसेरानं. आकार जाडसर वहीएवढा, वजन दीड किलोच्या आत. पडद्यावर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं. आणि चालायचा कशावर? चार साध्या पेन्सिल सेलवर. तेही सुमारे २० तास!

हे कसं जमलं? चार अल्कलाइन सेलमध्ये मिळून साधारण दहा वॉट-तास ऊर्जा मावते असं धरा. भागिले वीस तास. म्हणजे अख्खं यंत्र अर्ध्या वॉटवर चालत होतं. यातला पहिला निर्णय प्रोसेसरचा. तोवर आयबीएमचा पीसी बाजारात येऊन दोन वर्षं होत आली होती, त्यात ८०८८ होता, सगळं जग त्याच्या मागे धावत होतं. मॉडेल १०० करणाऱ्यांनी घेतला ८०सी८५. या सभागृहात अभियांत्रिकी शिकलेले जे असतील त्यांच्या ओठांवर आत्ता हसू आलं असेल. ८०८५! आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतल्या त्या किटवर आपण बोटं दुखेपर्यंत हेक्स कोड दाबलेत. तोच हा. फक्त मधलं ‘सी’ अक्षर महत्त्वाचं आहे. ते सी म्हणजे सीमॉस. चिप बनवण्याची ही पद्धत फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्येच मांडली होती. तिचा गुण असा की स्विच स्थिर असताना जवळजवळ वीजच खात नाही, हलला तरच खातो. साध्या ८०८५ मध्ये तसं नव्हतं. तो काम करो न करो, वीज ओढतच राहायचा.

म्हणजे बघा, त्यांनी जुना, आठ बिटांचा, लोकांच्या नजरेत मागे पडत चाललेला मेंदू निवडला, पण तो मितव्ययी पद्धतीनं बनवलेला निवडला. घड्याळ ठेवलं फक्त २.४ मेगाहर्ट्झवर. पडद्यामागे दिवा नाही, फिरणारी डिस्क नाही. यातलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, आणि त्यातला मोठा भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिला होता. हे यंत्र सगळ्यात जास्त आवडलं ते वार्ताहरांना. सामना बघत बघत बातमी लिहायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडून द्यायची. त्यांना वेग नको होता. टंकलेखनाच्या वेगाला २.४ मेगाहर्ट्झ भरपूर होता. सेल मधेच संपू नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

इथला धडा अगदी आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला आहे. पाहुणे किती ते बघून पातेलं चढवावं.

शून्य दाखवणारा मीटर

याच सुमाराला इंग्लंडात केंब्रिजला एकॉर्न नावाची कंपनी स्वतःचा प्रोसेसर बनवत होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यातली दोन मुख्य नावं. त्यांच्यापुढे लॅपटॉपचा प्रश्न नव्हता, पैशाचा होता. चिप फार तापली तर तिला महाग सिरॅमिकचं वेष्टन लागतं. प्लॅस्टिकच्या स्वस्त वेष्टनात बसवायची तर खर्च एक वॉटच्या आत हवा. म्हणून त्यांनी आराखडा इतका सुटसुटीत केला की त्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टरच होते.

२६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली. फर्बर यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. चिप चालू केली, ती काम करू लागली, सगळे खूश. मग वीज किती खाते ते बघायला मीटर लावला. मीटर दाखवतोय शून्य! शोध घेतल्यावर कळलं की बोर्डातल्या दोषामुळे चिपला मुख्य वीजजोडणी मिळालीच नव्हती. शेजारच्या चिपांकडून संदेशाच्या तारांमधून जी काही थोडी वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती चालली होती. (हशा)

ही चिप म्हणजे पहिली आर्म. तिला काटकसर शिकवली ती बॅटरीनं नव्हे, वेष्टनाच्या किमतीनं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

वेडाची वर्षं आणि एक धाडसी कंपनी

नव्वदचं दशक म्हणजे मेगाहर्ट्झची शर्यत. विंडोज आलं, आणि विंडोज चालवायचं तर इंटेलच्या घराण्याची भाषा समजणारा प्रोसेसर हवाच. म्हणजे लॅपटॉप करणाऱ्याची निवड अर्धी तिथेच संपली. इंटेलनंही लॅपटॉपचा विचार केला नव्हता असं नाही. १९९० मध्ये त्यांनी ३८६एसएल आणला, त्यात काम नसेल तेव्हा यंत्राचे भाग झोपवण्याची सोय चिपमध्येच होती. जपानमध्ये तोशिबानं १९९६ ला लिब्रेटो काढला, ८४० ग्रॅमचा, जवळपास व्हिडिओ कॅसेटएवढा. त्यात मुद्दाम मागच्या पिढीचा ४८६ घातला होता. पेन्टियम बाजारात असताना! तर्क तोच, मॉडेल १०० चा.

पण मुख्य प्रवाह वेगाचाच होता. मग १९ जानेवारी २००० ला ट्रान्समेटा नावाच्या कंपनीनं पडदा उघडला. १९९५ पासून ही कंपनी अगदी गुपचूप काम करत होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तिथे नोकरीला होते, त्यामुळे कुतूहल प्रचंड. त्यांनी दाखवला क्रूसो प्रोसेसर.

त्यांची कल्पना खरोखर धाडसी होती. इंटेलच्या घराण्याची भाषा फार जुनी, गुंतागुंतीची. ती समजून घ्यायला चिपमध्ये बरीच यंत्रणा खर्ची पडते आणि ती यंत्रणा सतत वीज खाते. ट्रान्समेटा म्हणाली, आपण चिप साधी ठेवू, तिची स्वतःची वेगळी भाषा असू दे, आणि मध्ये एक दुभाष्या बसवू. हा दुभाष्या म्हणजे सॉफ्टवेअर. एकदा केलेलं भाषांतर तो जपून ठेवणार, तोच मजकूर पुन्हा आला की जपलेलं भाषांतर वापरणार. याशिवाय कामाचा भार बघून वेग आणि व्होल्टेज दोन्ही क्षणोक्षणी खालीवर करायचं. सुरुवातीला सांगितलेलं सूत्र आठवा. व्होल्टेज! इंटेलचं त्या वेळचं तंत्र तारेवर एक वेग आणि बॅटरीवर दुसरा वेग, अशा दोन पायऱ्यांचं होतं. ट्रान्समेटाचा जिना अनेक पायऱ्यांचा होता.

सोनीनं आपल्या छोट्या व्हायो पिक्चरबुकमध्ये क्रूसो घातला. फुजित्सू, हिताची, एनईसी अशा जपानी कंपन्या पुढे आल्या. लोकलमध्ये उभ्यानं, बसून, मांडीवर यंत्र ठेवणारा जपानी ग्राहक हा या चिपचा खरा गिऱ्हाईक होता. नोव्हेंबर २००० मध्ये ट्रान्समेटाचे शेअर २१ डॉलरला विक्रीला आले आणि पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेले.

पण त्याच्या काहीच दिवस आधी आयबीएमनं क्रूसो घातलेल्या थिंकपॅडचा बेत रद्द केला होता. धोक्याची घंटा तीच होती. काय चुकलं? तीन गोष्टी.

पहिली. दुभाष्याला पहिल्यांदा भाषांतर करायला वेळ लागतो. एखादा प्रोग्रॅम उघडताना जो क्षणभर अडखळा व्हायचा तो डोळ्यांना दिसायचा. पुढे तो प्रोग्रॅम नीट चालायचा, पण मत बनतं ते पहिल्या क्षणी.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. यंत्राची वीज एकटा प्रोसेसर खात नाही. पडद्यामागचा दिवा, डिस्क, मेमरी, वायरलेस हे सगळे पंगतीला बसलेले असतात. समजा यंत्र बारा वॉट खातंय आणि त्यात प्रोसेसरचा वाटा तीन वॉट. प्रोसेसर निम्म्यावर आणलात तरी एकूण खर्च साडेदहावर येतो. प्रोसेसरचा खर्च ५० टक्क्यांनी उतरला, बॅटरीचा वेळ वाढला जेमतेम १४ टक्के. घरखर्चात पेपरचं बिल निम्मं करून बचतीचा आनंद मानण्यासारखं.

तिसरी म्हणजे इंटेल जागी झाली. २००१ च्या सुरुवातीलाच तिनं अतिशय कमी व्होल्टेजचे पेन्टियम-३ काढले. आणि त्याच वर्षी ट्रान्समेटाची नवी चिप उत्पादनातल्या अडचणींमुळे वेळेवर मिळेना. छोट्या कंपनीला उशीर परवडत नाही.

पुढे ट्रान्समेटानं चिप विकणं जवळपास सोडून दिलं, इंटेलवर पेटंटचा दावा लावला, आणि २००७ मध्ये २५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००९ च्या सुरुवातीला कंपनी विकली गेली. विचार बरोबर होता, कंपनी गेली. इतिहासात असं पुष्कळदा होतं. पण विचार गेला नाही. आज तुमच्या खिशातला फोन क्षणोक्षणी वेग आणि व्होल्टेज बदलतो, तो त्याच वाटेनं.

हैफातला उलटा विचार

इंटेल जागी झाली म्हणालो, पण अख्खी कंपनी नव्हे. मुख्यालयाचा जीव पेन्टियम-४ मध्ये होता. त्याचा आराखडाच गीगाहर्ट्झचा आकडा फुगवण्यासाठी बेतलेला. लॅपटॉपमधली त्याची आवृत्ती ३०-३५ वॉटची. मांडीवर ठेवायची सोय नाही, पंख्याचा आवाज मिक्सरसारखा.

इस्रायलमध्ये हैफा इथे इंटेलचं एक केंद्र होतं. तिथल्या चमूनं टिम्ना नावाची स्वस्त चिप बनवत आणली होती, ती २००० साली कंपनीनं रद्द केली. अशा वेळी माणसं खचतात. या चमूनं हातात घेतलं लॅपटॉपसाठीचं नवं काम, सांकेतिक नाव बनियास.

त्यांनी प्रश्नच बदलला. ‘सगळ्यात वेगवान कसं करू?’ हा नाही, तर ‘खर्च केलेल्या प्रत्येक वॉटमागे काम किती?’ हा. पेन्टियम-४ चा पाया बाजूला ठेवून ते पेन्टियम-३ च्या जुन्या घराण्याकडे वळले. प्रोसेसर पुढे कुठली आज्ञा येईल याचा अंदाज बांधून काम आधीच सुरू करतो. अंदाज चुकला की केलेलं काम टाकून द्यायचं. म्हणजे वीज गेली ती गेली. म्हणून त्यांनी अंदाज अचूक करण्यावर जोर दिला. दोन छोट्या आज्ञांची मोट बांधून एकत्र पुढे पाठवल्या. एक मेगाबाइटची मोठी कॅश दिली, म्हणजे वारंवार बाहेरच्या मेमरीकडे धाव घ्यायला नको, आणि कॅशचा जो भाग लागत नाही तो निजवून ठेवला.

१२ मार्च २००३ ला तो पेन्टियम-एम म्हणून आला, सेन्ट्रिनो या नावाच्या जाहिरातीसह. घड्याळ होतं १.६ गीगाहर्ट्झ. त्याच दुकानात शेजारी पेन्टियम-४ चे आकडे कितीतरी मोठे. विक्रेत्याची पंचाईत! इतकी वर्षं त्यानंच शिकवलं होतं की मोठा आकडा म्हणजे चांगलं. पण पेन्टियम-एमची अगदी मितव्ययी आवृत्ती सात वॉटची होती, आणि साध्या आवृत्त्याही काम भरपूर करत होत्या. वर्षभरात, मे २००४ मध्ये, इंटेलनं पेन्टियम-४ ची पुढची पिढी गुंडाळली. लॅपटॉपसाठी केलेला विचार टेबलावरच्या संगणकांतही शिरला, आणि पुढची सगळी कोअर मालिका त्या वळणावर गेली. लहान यंत्राच्या गरजेनं मोठ्या यंत्राला शहाणपण शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही.

वाडीवरचा वॉट

आता आपल्याकडे येऊ. जानेवारी २००५ मध्ये एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी दावोसमध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’. गरीब देशांतल्या मुलांसाठी. आता इथे वॉट हा सोयीचा प्रश्न नाही. ज्या घरात वीजच नाही, किंवा आहे पण येते रात्री आणि जाते सकाळी, तिथे वॉट म्हणजे यंत्र चालेल की धूळ खात पडेल, एवढा प्रश्न.

त्यांनी निवडला एएमडीचा जिओड. याची वंशावळ मजेशीर आहे. मूळ सायरिक्स कंपनीचा १९९७ चा मीडियाजीएक्स. सायरिक्स गेली नॅशनल सेमीकंडक्टरकडे, तिथे या चिपचं नाव झालं जिओड, आणि २००३ मध्ये ती एएमडीकडे आली. म्हणजे तीन घरं फिरून आलेली चिप. वेग ४३३ मेगाहर्ट्झ. त्या वेळच्या मानानं लाजिरवाणा. पण खर्च एक वॉटच्या आतबाहेर, चित्र काढणारा भाग आणि मेमरी सांभाळणारा भाग चिपमध्येच, आणि भाषा इंटेलच्या घराण्याची, म्हणजे लिनक्स आणि तयार सॉफ्टवेअर बिनबोभाट चालणार. एएमडी या प्रकल्पाची सुरुवातीपासूनची साथीदारही होती, हेही विसरू नये. निवड कधीच केवळ तांत्रिक नसते.

पण त्यांची खरी हुशारी पंगतीतल्या बाकीच्यांकडे बघण्यात होती. मेरी लू जेप्सेन यांनी असा पडदा केला की उन्हात मागचा दिवा बंद करून, काळ्या-पांढऱ्यात, नुसत्या सूर्यप्रकाशावर वाचता यावा. आणि पडद्याला एक छोटी वेगळी चिप दिली, जी समोरचं चित्र स्वतः धरून ठेवते. म्हणजे मूल पान वाचतंय तोवर प्रोसेसर झोपू शकतो, पडदा चालूच! सॉफ्टवेअरला ही युक्ती नीट अंगी बाणवायला बराच वेळ लागला, पण कल्पना केवढी सुंदर. वाचणाऱ्या मुलासमोर यंत्रानं उगाच जागं का राहावं?

२००६ मध्ये भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं या योजनेला नकार दिला. तरी २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला, खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत. वीसेक मुलं. ती भारनियमनाची वर्षं होती. आपल्याला आठवत असेल, खेड्यापाड्यात वीज तासन्‌तास नसायची. दावोसच्या सभागृहात ठरलेल्या ‘एक वॉट’ या शब्दाचा अर्थ खरा कळायचा असेल तर तो तिथे कळणार होता.

यशाची गोष्ट सांगून मोकळं व्हावं असा मोह होतो, पण इतिहासाला ते मानवत नाही. किंमत शंभर डॉलरवर कधीच आली नाही, जवळपास दुप्पट राहिली. पेरू देशानं ही यंत्रं लाखोंनी घेतली, आणि तिथल्या शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. उलट उरुग्वेनं प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंत्र दिलं आणि त्यामागे जोडणी, दुरुस्ती, शिक्षकांची तयारी अशी सरकारी व्यवस्था उभी केली, ती योजना टिकली. यातून काय घ्यायचं? योग्य प्रोसेसर यंत्राला जागं ठेवतो. मुलाला शिकवायला माणूसच लागतो.

नेटबुकचा उदयास्त

या प्रकल्पानं एक गोष्ट मात्र नक्की केली. लहान, स्वस्त, हळू लॅपटॉपलाही गिऱ्हाईक आहे हे उद्योगाला दाखवून दिलं. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसुसनं ईईई पीसी काढला. सात इंची पडदा, ९२० ग्रॅम. आत सेलेरॉन-एम, म्हणजे हैफाच्याच घराण्यातला धाकटा भाऊ, ९०० मेगाहर्ट्झचा, आणि आसुसनं तो चालवला ६३० वर.

२००८ मध्ये इंटेलनं खास या कामासाठी ॲटम आणला. नेटबुकमध्ये सर्रास दिसायचा तो एन२७०, १.६ गीगाहर्ट्झ, अडीच वॉट. तो कसा विचार करायचा ते खानावळीच्या उदाहरणानं सांगतो. हुशार आचारी भात शिजेपर्यंत कोशिंबीर करून घेतो, पुढच्या गिऱ्हाइकाची पोळी लाटून ठेवतो. मोठे प्रोसेसर असे असतात, आज्ञांचा क्रम सोडून जे जमेल ते आधी उरकतात. पण हे भान ठेवायला डोकं लागतं, म्हणजे ट्रान्झिस्टर लागतात, म्हणजे वीज. ॲटम हा साधा आचारी होता. आलेल्या क्रमानं काम, भात झाला नाही तर थांबायचं. वीज वाचली, पण यंत्र मंद वाटायचं.

आणि आता पंगतीचा हिशेब पुन्हा बघा. प्रोसेसर २.५ वॉट. त्याच्या जोडीला दिलेला चिपसेट, जुन्या पद्धतीचा, ६ वॉटचा. शिवाय इतर जोडण्या सांभाळणारी चिप ३.३ वॉट. एकूण ११.८. म्हणजे खोक्यावर ज्याचं नाव मिरवलं तो पंगतीत सगळ्यात कमी जेवणारा! या आकड्यांना उष्णतेची मर्यादा समजा, रोजचं वीजबिल नव्हे, तरी प्रमाण डोळ्यांत भरतंच.

नेटबुक आणखी एका कारणानं खुरटलं. स्वस्त यंत्र फार चांगलं झालं तर महाग यंत्र कोण घेणार? विंडोज एक्सपी स्वस्तात हवं असेल तर पडदा अमुक इंचांच्या आत, मेमरी एक जीबीच्या वर नाही, अशा अटी होत्या. म्हणजे यंत्र लहान ठेवण्यामागे नेहमी अभियंत्याचाच हात नसतो, कधी हिशेबनिसाचाही असतो. मग २०१० मध्ये टॅब्लेट आले आणि नेटबुकचा बाजार उतरणीला लागला.

जुनं नाव पुन्हा

शेवटचा टप्पा झटकन सांगतो. २०१५ मध्ये ॲपलनं ९२० ग्रॅमचा मॅकबुक काढला, आत इंटेलचा साडेचार-पाच वॉटच्या घरातला कोअर-एम. पंखा नाहीच. वजन ईईई पीसीएवढं, पण पडदा बारा इंची. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीनं इंटेलचा हात सोडून एम-१ आणला. हलक्या मॅकबुक एअरमध्ये तो पंख्याशिवाय चालतो आणि तरी वेगात कमी पडत नाही. ही चिप कुठल्या घराण्याची? आर्म! मीटरवर शून्य दाखवणाऱ्या त्या १९८५ च्या चिपचं. दरम्यानच्या काळात ती फोनमध्ये वाढली, आणि फोनमध्ये वाढलेल्याला काटकसर वेगळी शिकवावी लागत नाही. दुभाष्याही परत आला बरं का. इंटेलसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम एम-१ वर चालतात ते भाषांतर करूनच. ट्रान्समेटाला जे क्षणभर अडखळायला लावत होतं, ते आता बहुतेक काम प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडण्याआधीच उरकलं जातं.

तर मंडळी, या चाळीस वर्षांतून विकत घेणाऱ्यानं काय उचलावं? मी तीन प्रश्न सांगतो. पहिला, माझं काम काय? बातमी लिहिणाऱ्याला ८०सी८५ पुरला, कारण त्याला त्याचं काम ठाऊक होतं. दुसरा, पंगतीत आणखी कोण कोण जेवतंय? नुसता प्रोसेसरचा वॉट बघू नका. पडदा किती उजळ, बॅटरी किती वॉट-तासांची, आणि माझ्यासारख्या कामात ती किती तास गेली, हे विचारा. तिसरा, काम झाल्यावर हे यंत्र झोपतं का? चांगला प्रोसेसर काम झटपट उरकतो आणि लगेच निजतो. मंद प्रोसेसर रात्रभर कण्हत बसतो आणि शेवटी वीज तेवढीच खातो.

आणि एक प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांसाठी, सरकारांसाठी, म्हणजे पर्यायानं आपल्यासाठी. हे यंत्र कुणाच्या घरात चालायचं आहे? ज्या घरात सॉकेट हाताशी आहे तिथे दोन वॉट कमी-जास्त झाले तर तासभराचा फरक पडतो. जिथे वीज रात्री येते आणि पहाटे जाते, तिथे त्याच दोन वॉटवर ठरतं की दुपारी शाळेत पडदा उजळेल की नाही. प्रोसेसर निवडणारा अभियंता हा निर्णय कुठल्या तरी लांबच्या शहरात, एका टेबलाशी बसून घेत असतो. त्या टेबलावर खैरातच्या धनगरवाड्याचीही आठवण असावी, एवढंच माझं म्हणणं.